बल्बाची सुस्ती

ज्या यंत्राचा आवाज मी गेल्या उन्हाळ्यापासून लॅपटॉपवर घडवू पाहतोय, त्या यंत्राला मी कधी हात लावलेला नाही. जळगाव-धुळ्याकडे ते कुणाजवळ असेल असं वाटत नाही. मुंबई-पुण्यात असलंच, तर एखाद्या शौकिनाच्या कपाटात असेल आणि ते कपाट तो पाहुण्यांसमोर उघडत नसेल. नाव युनिव्हाइब. १९६०च्या दशकाच्या अखेरीला जपानच्या शिन-एई कंपनीत फुमिओ मिएदा या अभियंत्यानं ते रचलं आणि अमेरिकेत ते युनिव्हॉक्सच्या नावानं विकलं गेलं. गिटारची वायर एका बाजूनं आत जाते, दुसऱ्या बाजूनं ॲम्प्लिफायरकडे निघते. मधे आवाजाला झुलवणारं सर्किट आणि झुलण्याचा वेग कमी-जास्त करायला पायाखाली वेगळं पेडल. बस, एवढंच.

गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं ते वुडस्टॉकच्या संगीत महोत्सवात वापरलं. महोत्सव लांबत गेला, त्याची पाळी १८ ऑगस्ट १९६९ला, सोमवारी सकाळी आली आणि तोवर बरीचशी गर्दी पांगली होती. त्या सकाळचं रेकॉर्डिंग हेडफोन लावून ऐकलं की सूर नुसता वाजत नाही, डोलतो. वर येताना पटकन येतो, उतरताना रेंगाळतो, आणि उतरता उतरता जरा अंधारतो. हे रेंगाळणं कुठून येतं, हा प्रश्न मला चिकटला. गिटार मी बरी वाजवतो, त्याहून जास्त काही नाही. पण पोटापाण्याचा धंदा इलेक्ट्रॉनिक्सचा असल्यामुळे पेटीच्या आत काय आहे हे बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. पेटी समोर नसली तरी तिचं सर्किट कागदावर मिळतं. ते मिळालं आणि काम सुरू झालं.

त्याआधी रेडिओबद्दल सांगायला हवं.

युनिव्हाइब म्हणजे लेस्ली स्पीकरची नक्कल, असं सगळीकडे सांगितलं जातं. लेस्ली म्हणजे १९४०च्या दशकात डॉन लेस्लीनं हॅमंड ऑर्गनसाठी बनवलेली लाकडी पेटी; तिच्यात वरचे सूर फिरत्या भोंग्यातून बाहेर पडतात आणि खालच्या सुरांसमोर एक ड्रम फिरतो. भोंगा तुमच्याकडे वळत येताना सूर किंचित चढतो, दूर जाताना उतरतो. पण स्वतः मिएदांनी पुढे सांगितलेली गोष्ट वेगळी आहे. मॉस्को रेडिओचं प्रक्षेपण त्यांच्याकडे वातावरणातून हेलकावे खात यायचं, आणि त्या हेलकाव्यांवरून त्यांना ही कल्पना सुचली. मला विचाराल तर लेस्लीची नक्कल म्हणून युनिव्हाइब साफ फसलेलं आहे. दूरच्या शॉर्टवेव्ह रेडिओची नक्कल म्हणून मात्र ते अस्सल उतरलंय.

हे मी ठामपणे म्हणू शकतो, कारण अमळनेर तालुक्यातल्या आमच्या घरात नानांचा रेडिओ होता. छपरावरून समोरच्या निंबापर्यंत तांब्याची तार ताणलेली आणि कापूस वेचून आलेली माणसं रात्री ओट्यावर बसून रेडिओ सिलोन ऐकायची. गाणं मधेच पोकळ व्हायचं, गायिका जणू हौदात उतरायची, मग हळूहळू वर यायची. आम्ही पोरं सुई हलवायला धावलो की नाना म्हणायचे, "राहू दे रे, हवा हाली ऱ्हायनी. येई ती परत." आणि ती यायची.

नाना शास्त्र शिकले नव्हते, पण त्यांचं निदान चुकीचं नव्हतं. हलायची ती हवेच्या कितीतरी वरची थरावळ, जमिनीपासून शंभर ते तीन-चारशे किलोमीटरवरचं आयनोस्फिअर. शॉर्टवेव्हची लाट तिथून परतून खाली येते, आणि एकाच वाटेनं येत नाही. एक लाट एका उसळीत पोचते, दुसरी जमिनीला टेकून पुन्हा वर जाऊन दुसऱ्या उसळीत. दोन्ही वाटांच्या लांबीत अर्ध्या लाटेइतका फरक पडला की त्या एकमेकींना खोडतात. ३१ मीटरच्या पट्ट्यात हा फरक साडेपंधरा मीटर. कोलंबो ते अमळनेर एवढ्या पल्ल्यात साडेपंधरा मीटर म्हणजे काहीच नाही. वरचा थर जरा सरकला की गणित बदलतं. शिवाय सगळ्या कंपनसंख्या एकाच वेळी खोडल्या जात नाहीत. आत्ता एक पट्टी गळते, क्षणानं शेजारची. म्हणून आवाज नुसता लहान होत नाही, पोकळ होतो आणि ती पोकळी आवाजाच्या अंगातून सरकत जाते.

आता युनिव्हाइबचं सर्किट बघा. गिटारचा सिग्नल दोन वाटांनी जातो. एक वाट सरळ, दुसरी चार टप्प्यांतून. प्रत्येक टप्पा आवाजाची पातळी बदलत नाही, फक्त त्याची कला, म्हणजे फेज, मागे सरकवतो. एकेक टप्पा जास्तीत जास्त १८० अंश. शेवटी दोन्ही वाटा एकत्र येतात आणि जिथे त्या उलट्या भेटतात तिथे सूर गळतो. आकाशात जे शेकडो किलोमीटरवर होतं, ते इथे चार कपॅसिटर आणि मूठभर ट्रान्झिस्टर करतात. पेटीवर कोरस आणि व्हायब्रेटो असे दोन पर्याय आहेत. कोरसमध्ये सरळ वाट मिसळलेली असते. व्हायब्रेटोमध्ये ती तोडलेली असते, मग गळती उरत नाही, नुसता सूर वर-खाली लचकतो. रेडिओ हवा असेल तर कोरस.

तयार मिळणारे डिजिटल फेजर, म्हणजे फेज सरकवणारे इफेक्ट, हेच करतात, मग त्यांत बिघडतं कुठे? मी रीपर नावाचं रेकॉर्डिंगचं सॉफ्टवेअर वापरतो. त्यात जेएसएफएक्स म्हणून एक छोटी भाषा आहे. ओळ लिहायची, साठवायची, लगेच गिटार छेडून ऐकायचं. चार टप्प्यांचा साधा फेजर तिच्यात संध्याकाळच्या चहाआधी लिहून होतो. चारही टप्पे एकाच कंपनसंख्येवर बसवले की बरोबर दोन खड्डे, म्हणजे सूर गळायच्या जागा, पडतात: एक त्या कंपनसंख्येच्या ०.४१४ पटीला, दुसरा २.४१४ पटीला. दोन्ही खोल, धारदार. एका साइन लहरीनं ते वर-खाली फिरवायचे. आवाज छान येतो, पण तो १९७४च्या एमएक्सआर फेज ९० या पेडलच्या घराण्यातला. सुरेख, गुळगुळीत, शिस्तीचा. नानांच्या रेडिओत असली शिस्त नव्हती.

पहिला फरक कपॅसिटरमध्ये सापडतो. मिएदांनी चार टप्प्यांत चार वेगळे कपॅसिटर घातले: ०.०१५ मायक्रोफॅरड, ०.२२ मायक्रोफॅरड, ४७० पिकोफॅरड आणि ०.००४७ मायक्रोफॅरड. सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान यांत साडेचारशे पटींहून जास्त अंतर. नुसता हिशोब म्हणून रोध दहा हजार ओहम धरला, तर हे टप्पे अनुक्रमे सुमारे १०६० हर्ट्झ, ७२ हर्ट्झ, ३३,९०० हर्ट्झ आणि ३,३९० हर्ट्झला बसतात. म्हणजे कुठल्याही क्षणी एक टप्पा पार तळाशी काम करतोय, एक कानाच्या टप्प्यापलीकडे, आणि मधले दोघे सुरावर. खड्डे त्यामुळे रुंद होतात. सूर कापला जात नाही, सैलावतो.

ज्यांना स्वतः करून बघायचं आहे त्यांच्यासाठी इथे एक सावधगिरी. पुस्तकी सूत्रात ऑलपास फिल्टरचा, म्हणजे वरच्या एकेका टप्प्याचा, गुणक टॅनजंट वापरून काढतात, म्हणजे ठरवलेली कंपनसंख्या डिजिटलमध्येही अचूक जागी बसते. पण सेकंदाला ४४,१०० नमुने घेणाऱ्या यंत्रणेला २२,०५०च्या वर काही दिसतच नाही. ३३,९०० त्या टॅनमध्ये घातलं की उत्तर ऋण येतं, गुणक एकाच्या बाहेर जातो आणि फिल्टर किंचाळत सुटतो, हेडफोनसकट. त्यापेक्षा रोध आणि कपॅसिटर यांचा गुणाकार थेट बायलिनियर रूपांतरात, म्हणजे ॲनालॉग सूत्र डिजिटलमध्ये उतरवायच्या रीतीत, घालावा. वरच्या टोकाला जरा बेअचूकपणा येतो, पण फिल्टर कधी बेफाम होत नाही. त्या उंचीवरचा बेअचूकपणा गिटारच्या स्पीकरला कळतही नाही.

कपॅसिटर बदलल्यावर आवाज रेडिओच्या गल्लीत शिरला. घरात मात्र अजून शिरेना. कारण हलवणारी लहर अजून साइनच होती, आणि साइन चढते तशीच उतरते.

मूळ पेटीत लहर विजेची नाही, उजेडाची आहे. मधोमध एक छोटा तंतूचा बल्ब, भोवती चार प्रकाशरोधक, आणि वरून उजेड आत परतवणारं पत्र्याचं टोपण. ऑसिलेटर बल्बाला मंद-प्रखर करतो, बल्ब रोधकांवर उजेड टाकतो, रोधकांचा रोध बदलतो आणि चारही टप्पे सरकतात. शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात अंधार पडला की आपोआप लागणारा दिवा कुणीतरी करतंच, त्यातला तो एलडीआर, तोच हा. कॅडमियम सल्फाइडची नागमोडी रेघ असलेली चकती.

बल्बाचा स्वभाव खान्देशात वाढलेल्याला शिकवायला लागत नाही. ओलिताच्या दिवसांत शेतीची लाइट आली की शिवारभर मोटारी एकदम सुरू व्हायच्या आणि घरातला पिवळा बल्ब पेंगायला लागायचा. आम्हाला वाटायचं व्होल्टेज अर्ध्याखाली गेलं. तसं नसायचं. तंतूच्या बल्बाचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ घातानं बदलतो. २३०चं १८० झालं, म्हणजे व्होल्टेज पावपटीपेक्षाही कमी उतरलं, की उजेड निम्म्याहूनही कमी, सुमारे ४३ टक्के. ११५ झालं तर उजेड दहावा हिस्सादेखील धड उरत नाही. आताच्या एलईडीला हे ठाऊक नाही. ती शेवटपर्यंत तशीच जळते आणि मग एकदम लुकलुकते किंवा विझते. त्यामुळे माझ्या पुतण्याला पेंगणारा बल्ब म्हणजे काय हे मला यूट्यूबवर दाखवावं लागलं.

हा ३.४चा घात साइन लहरीवर बसवला की तिचा आकारच बदलतो. वरचा माथा टोकदार, खालचं खोरं पसरट. त्यावर तंतूचा आळस. वीज वाढली की तो लवकर तापतो, कमी झाली तरी गरम राहतो, सावकाश निवतो. आणि त्यावर एलडीआरचा आळस, तो तर कळसच. उजेड पडला की त्याचा रोध काही मिलिसेकंदांत कोसळतो. अंधार झाला की परत चढायला शेकडो मिलिसेकंद घेतो, आणि पूर्ण अंधारातला रोध गाठायला काही सेकंदही. पोळ्याच्या मिरवणुकीतला बैल कासरा ओढला की मान वळवतो, पण सैल सोडला तरी आपल्या मर्जीनंच सरळ होतो, तसा हा प्रकार. ऑसिलेटर खालच्या टोकाला पोचून परत फिरतो, तेव्हा एलडीआरचा रोध अजून चढतच असतो. युनिव्हाइबचं ते पटकन येणं आणि रेंगाळत जाणं इथून येतं. कुठल्याही अभियंत्यानं नमुना तपासताना ज्याला दोष म्हणून लाल शाईनं गोल केला असता, तो हा आवाज.

आकडे डेटाशीटमध्ये असतात, पण मला वळण बघायचं होतं. ऑटो स्पेअरच्या दुकानातून मोटारसायकलच्या मीटरमागचा बारा व्होल्टचा बल्ब आणला, इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानातून मूठभर एलडीआर, दोघांना काळ्या टेपनं गुंडाळलं आणि आर्डुइनो नावाच्या छोट्या बोर्डानं रोध लॅपटॉपवर उतरवून घेतला. मूठभर एलडीआर, सगळे एकाच पाकिटातले, आणि एकाचं वळण दुसऱ्याशी जुळेना. कुणी लवकर उठणारा, कुणी लोळणारा. दुकानदाराला सांगितलं तर तो म्हणाला, "भाऊ, पाच रुपयांच्या मालात तुम्ही जुळे शोधता का?"

त्याचं खरं आहे, आणि इथेच जुन्या वस्तूंच्या भक्तांशी माझं भांडण आहे. ते म्हणतात, मूळचा आवाज डिजिटलमध्ये येणं शक्य नाही. पण कुठल्या मूळचा? १९६९ साली बनलेल्या दोन युनिव्हाइबमधले रोधक जुळे नव्हते. आत बल्बाचा किमान उजेड ठरवणारा एक प्रीसेट असतो, तो प्रत्येक दुरुस्तीवाल्यानं आपापल्या कानानं फिरवलेला. बल्ब काळे पडतात, कपॅसिटर वाळतात. आज लाखांच्या घरात विकला जाणारा जुना नग त्याच्या तरुणपणीसारखा वाजत असेल याची हमी कोण देणार? शिवाय कॅडमियम विषारी. युरोपात २००६पासून उपकरणांत त्यावर कडक मर्यादा आल्या. जपानच्या कोर्ग कंपनीनं पुढे खुद्द मिएदांना सोबत घेऊन नूवाइब नावाचं पेडल काढलं, आणि त्यात प्रकाशरोधक ठेवलाच नाही. त्याची वागणूक दुसऱ्या सर्किटनं घडवली. ज्यानं मूळ पेटी केली, त्याला स्वतःला त्या चकतीचा सोस नव्हता. त्याला तिची चाल हवी होती. मग मी कशाला अडून बसू?

तेव्हा कोडमध्ये मी आवाज बसवायचा सोडला आणि आळस बसवायला घेतला. साइन लहर आधी ३.४च्या घातातून जाते. मग एक सुस्त फिल्टर तंतूसाठी, चढायला जलद, उतरायला धिमा. मग चार वेगळे सुस्त फिल्टर चार एलडीआरसाठी, चौघांचे आकडे माझ्या टेपमधल्या चौघांवरून घेतलेले, मुद्दाम न जुळवलेले. मग उजेडावरून रोध, रोधावरून टप्पे. पुढे ट्रान्झिस्टरमुळे आवाजाची कडा किंचित फाटते, तेवढ्यापुरतं एक मऊ वळण. यातलं अर्धं गणित ढोबळ आहे. पण एक गोष्ट घडली जी मी लिहिलेलीच नव्हती. वेग वाढवला की डोलणं आपोआप उथळ आणि गोल होऊ लागलं, कारण बल्ब निवायच्या आत पुन्हा तापत होता. वेग कमी केला की आपोआप लंगडं, खोल. मूळ पेटीबद्दल वाजवणारे नेमकं हेच सांगतात. साध्या फेजरमध्ये हे हवं तर वेगळं बटण लागतं. इथे ते आळसातून फुकट आलं.

संगणक मुळात फार आज्ञाधारक. सांगितल्या क्षणी सांगितल्या जागी हजर. गिटार छेडल्यापासून हेडफोनमध्ये यायला जो उशीर होतो, तो कमी करायला आपण १२८ नमुन्यांचा बफर, म्हणजे तात्पुरता साठा, ठेवतो, म्हणजे जेमतेम तीन मिलिसेकंद, आणि त्यातलाही एखादा वाचला तर आनंद मानतो. आणि मग त्याच यंत्राला तीनशे मिलिसेकंद उशिरा हलायला शिकवण्यात माझा उन्हाळा गेला. बाहेर ४५ अंश, आत लॅपटॉपचा पंखा गिटारपेक्षा मोठ्यानं.

अमळनेरला गेलो तेव्हा हे सगळं एका जुन्या मित्राला ऐकवलं. तो लग्नाच्या बँडमध्ये कॅसिओ वाजवतो. हातगाडीवर भोंगे, मागे जनरेटर, आणि वरातीत निम्मा वेळ नागिणीची बीन. गिटार त्यानं ऐकून घेतली, चेहऱ्यावर काही नाही. मग म्हणाला, माझा कॅसिओ लाव यात. बीनचा टोन लावला. बँडमध्ये तो टोन कानात टोचतो, भोंग्यातून तर विचारू नका. युनिव्हाइबमधून तो असा वळवळत आला की शेजारच्या घरातून माणसं डोकावली. त्यानं डोळे मिटून दोन-चार ताना घेतल्या आणि म्हणाला, "हाई तं नानाना रेडिओना मायेक वाजी ऱ्हायनं भो." म्हणजे नानांच्या रेडिओसारखं वाजतंय. मिएदा, मॉस्को, आयनोस्फिअर, यातलं मी त्याला तोवर काहीही सांगितलेलं नव्हतं. नानांच्या ओट्यावर तोही बसलेला होता, एवढंच.

मग त्यानं वेगाचं बटण स्वतःच्या हातानं खाली आणलं. मी ठेवला होता तो हेंड्रिक्सचा वेग, रेकॉर्डिंगवरून कानानं जुळवलेला. "जरा हळू कर ना भो, मंडपमा कोन पयी ऱ्हायना?" त्यानं जिथे आणून सोडलं तो वेग हेंड्रिक्सच्या जवळपासही नाही. डोल इतका सावकाश की एक फेरी पूर्ण व्हायला गाण्याची ओळ संपते. त्या वेगाला एलडीआर जवळजवळ तळापर्यंत अंधारतो आणि तिथून जो परत येतो तो... मला ते आधी पटलं नाही. घरी येऊन पुन्हा ऐकलं तेव्हापासून माझ्या फाइलमध्ये बटणाची मूळ जागा तीच आहे.

त्याला आता लॅपटॉप नको आहे, पायाखाली ठेवायची पेटी हवी आहे. टीन्सी म्हणून एक बोटाएवढा बोर्ड मिळतो, तो सेकंदाला साठ कोटी ठोके चालतो. माझा सगळा आळस त्यावर बसून वर जागा उरते. कोड आता त्या बोर्डासाठी नव्यानं लिहितोय. बटणं दोनच ठेवायची ठरलीत, वेगाचं आणि खोलीचं, कारण मिरवणुकीत तिसऱ्याकडे बघायला कुणाला फुरसत नसते. जनरेटरची वीज गाळण्यासाठी काय लावायचं हे अजून सुटायचंय. तुळशीचं लग्न झालं की त्याचा सीझन सुरू होतो, त्याआधी एक तरी वरात वाजवून बघायची आहे. पेटी प्लास्टिकची की पत्र्याची यावर मात्र आमचं एकमत झालेलं नाही. मला प्लास्टिक हलकं वाटतं. तो म्हणतो पत्राच पाहिजे, कारण नागिणीवर नाचणारं कुणी ना कुणी तिच्यावर लोळणारच.